गुरुवारच्या रात्रीपासून उदयनगरपर्यंत: इंदुरातले पाच दिवस

ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याचा सण, बघायला म्हणून इंदूरला जाणारे बहुतेक जण रविवारी सकाळी चर्चच्या दारात पोचतात. तोवर पाहण्यासारखं आणि समजून घेण्यासारखं जवळजवळ सगळं होऊन गेलेलं असतं. न्याय आणि तारण या दोन गोष्टींवर ख्रिस्ती माणूस नेमका काय विश्वास ठेवतो हे कळायला हवं असेल, तर गुरुवारी दुपारपर्यंत शहरात पोचावं आणि सोमवारी संध्याकाळी परतीची गाडी धरावी. मधला एकही दिवस गाळू नये. हे पाच दिवस एकाच वाक्याचे तुकडे आहेत. शेवटचा तुकडा तेवढा ऐकला तर वाक्याचा अर्थ लागत नाही.

तारीख दर वर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो. २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. २०२७ सालात एक अडचण आहे: त्याच आठवड्यात रंगपंचमी येते, आणि इंदुरात रंगपंचमी म्हणजे गेर, रंग उधळत निघणारी प्रचंड मिरवणूक. राजवाड्याच्या आसपास त्या दिवशी रिक्षा मिळत नाही आणि कोरड्या कपड्यांनी कुणी बाहेर पडत नाही. तेव्हा मुक्काम रेसिडेन्सीच्या बाजूला घ्यावा. एप्रिलमधला ईस्टर असेल तर ऊन सोसायची तयारी हवी. शुक्रवारची उपासना भर दुपारी असते.

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. रामबाग, लोकमान्यनगरकडे नातेवाईक असतील तर उत्तमच.

भाषेबद्दल थोडं आधीच सांगायला हवं. इथल्या उपासना मुख्यतः हिंदीत होतात. मराठी माणसाला हिंदी समजते, पण शब्द फसवतात. आपलं ‘तारण’ तिथे ‘उद्धार’ किंवा ‘मुक्ति’ होतं, ‘वधस्तंभ’ तिथे ‘क्रूस’ असतो, ‘नीतिमान ठरवणे’ (देवाने पापी माणसाला निर्दोष ठरवणं) तिथे ‘धर्मी ठहराना’. कॅथलिक ‘येसु’ म्हणतात, प्रोटेस्टंट ‘यीशु’, आपण ‘येशू’. मराठी बायबल जवळ ठेवावं आणि पुढे दिलेले अध्याय आदल्या रात्री वाचून जावेत.

गुरुवार

दुपारी दोन्ही चर्चं नुसती पाहून घ्यावीत. लाल चर्च म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचं कॅथेड्रल, इंदूर धर्मप्रांताचं मुख्य चर्च. पांढरं चर्च म्हणजे सेंट अ‍ॅन्स, रेसिडेन्सी भागातलं प्रोटेस्टंट चर्च, १८५८ सालचं. दोन्हींच्या सूचनाफलकांवर पुढच्या तीन दिवसांच्या वेळा लावलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून ठेवावा. इंटरनेटवरच्या वेळा पुष्कळदा मागच्या वर्षीच्या असतात, आणि शुक्रवारी अर्धा तास उशीर झाला तर उभं राहायलाही जागा मिळत नाही.

संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा. अर्ध्या तासाआधी बसावं, मधल्या वाटेच्या कडेला, म्हणजे पाय धुण्याचा विधी दिसतो. धर्मगुरू बाहेरचं वस्त्र उतरवतो, कमरेला पंचा बांधतो आणि एकेकाच्या पायांवर पाणी ओतून पुसतो. बसणारे बहुधा बारा जण असतात. २०१६ पासून त्यांच्यात स्त्रियांनाही घेता येतं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरं ऐकायचं ते त्याआधीचं पहिलं वाचन, बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा १२ वा अध्याय. गुलाम इस्राएली लोकांची मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, शेवटची रात्र. कोकराचं रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या दोन्ही खांबांना आणि वरच्या पट्टीला लावायचं. न्याय त्या रात्री सगळ्या देशावरून फिरणार आहे, आणि रक्त दिसेल ते घर ओलांडून जाणार आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. इस्राएली लोक चांगले होते आणि मिसरी वाईट होते म्हणून वाचले, असं तो अध्याय म्हणत नाही. घरातली माणसं कशी आहेत याची चौकशीच होत नाही. दारावर रक्त आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. न्यायाची रात्र आणि सुटकेची रात्र एकच. पुढच्या सगळ्या दिवसांची किल्ली या वाचनात आहे, आणि नेमकी तेव्हाच लोकांची जागा शोधण्याची गडबड चाललेली असते.

गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात, मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. गरज पडेल तिथे लाकडी खुळखुळा वाजवतात. शेवटी आशीर्वाद नसतो. पवित्र भाकर मिरवणुकीने बाजूच्या वेदीवर नेतात आणि मुख्य वेदीवरची कापडं, मेणबत्त्या सगळं काढून घेतात. हे झाल्यावर बरेच जण घरी जातात. जाऊ नये. मध्यरात्रीपर्यंत त्या बाजूच्या वेदीपुढे बसता येतं. येशूला अटक होण्याआधीची, गेथशेमाने बागेतली ती रात्र आहे.

शुक्रवार

हा गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस. सकाळी उपवासाचा हिशेब समजून घ्यावा, कारण मराठी घरात इथे हमखास गोंधळ होतो. कॅथलिक नियमाप्रमाणे १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने एक वेळ पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडंसं खायचं. ती दोन खाणी मिळून एक जेवण होता कामा नये. १४ वर्षांपुढच्यांना मांस वर्ज्य. म्हणजे हा उपवास प्रमाणाचा आहे, धान्याचा नाही. सकाळी अर्धी प्लेट पोहे चालतात. आपल्या उपवासासारखी ताट भरून साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याची भाजी खाल्ली तर पदार्थ उपवासाचे झाले, उपवास नाही झाला. दुपारी उन्हात तीन तास बसायचं आहे, तेव्हा पाणी मात्र पीत राहावं. पाण्याने उपवास मोडत नाही.

प्रोटेस्टंट चर्चांमध्ये या दिवशी सहसा वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपासना होते. प्रत्येक उद्गाराला एक वाचन, एक प्रवचन, एक गीत. कॅथलिक उपासना साधारण तीनच्या सुमाराला सुरू होते. दोन्हींच्या वेळा भिडल्या तर निदान दुसऱ्या उद्गारापर्यंत पांढऱ्या चर्चमध्ये बसावं. तो लूक २३:४३ मध्ये आहे. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार. एक टोमणे मारतो. दुसरा म्हणतो की आपल्याला मिळालंय ते आपल्या करणीचं फळ, याने काहीच केलेलं नाही. मग फक्त एवढंच मागतो की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. त्याला उत्तर मिळतं: आजच.

या माणसाचा बाप्तिस्मा झालेला नाही. लुटलेलं परत करायला हात मोकळे नाहीत. चांगलं एखादं काम करायला दिवस उरलेला नाही. त्याच्याजवळ दोन गोष्टी आहेत: झालेला न्याय बरोबर आहे ही कबुली, आणि शेजारच्या वधस्तंभावरच्या माणसाकडे केलेली मागणी. ख्रिस्ती अर्थाने तारण याहून कमी काही नाही आणि याहून जास्तही काही नाही.

‘तारण’ या आपल्या शब्दाला बँकेतला अर्थ चिकटलेला आहे: कर्जापोटी ठेवलेली वस्तू. ‘खंडणी’ तर आता गुंडांनी उकळायच्या पैशाचंच नाव झालं आहे, पण मराठी बायबलात मार्क १०:४५ मध्ये येशूचा प्राण पुष्कळांसाठी दिलेली खंडणी आहे, म्हणजे बंदिवानाला सोडवायला भरलेली किंमत. हे दोन शब्द जोडून पाहिले की नव्या करारातल्या पत्रांमध्ये हिशेबाची भाषा का येते हे समजतं. रोमकरांस ६:२३ मध्ये पापाला ‘वेतन’ आहे आणि सार्वकालिक जीवन ‘कृपादान’ आहे. एक कमावलेलं, दुसरं फुकट मिळालेलं. देवाने कर्ज नजरेआड केलं असं नाही. ते फेडलं गेलं, फक्त ऋणकोने फेडलं नाही.

लाल चर्चमध्ये तीनच्या आत परतावं. या दिवशी जगभर कुठेच मिस्सा होत नाही. सुरुवातीला ना घंटा ना गीत. धर्मगुरू येतो आणि रिकाम्या वेदीपुढे जमिनीवर पालथा पडतो. सगळे गुडघे टेकतात. मग यशयाचा ५३ वा अध्याय, इब्रीकरांच्या पत्रातलं वाचन आणि योहानाचं दुःखसहनाचं वृत्त, अध्याय १८ आणि १९. त्यानंतर दहा प्रार्थना: चर्चसाठी, यहुद्यांसाठी, ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, देव न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी. मोजून पाहाव्यात, या दिवशी कुणालाच वगळलेलं नसतं.

मग जांभळ्या कापडात झाकलेला वधस्तंभ तीन टप्प्यांत उघडतात आणि लोक रांगेने त्याला वंदन करायला जातात. या रांगेत कोणीही जाऊ शकतो, धर्माची अट नाही. पुष्कळ जण चपला काढून जातात, तसंच करावं. त्यानंतरची परमप्रसादाची, म्हणजे पवित्र भाकर घेण्याची, रांग मात्र कॅथलिकांसाठी आहे. तिथे जागेवर बसून राहावं, कोणी वाईट मानत नाही. शेवटी सगळे न बोलता पांगतात. फाटकाबाहेर गेल्यावरच फोन काढावा.

शनिवार

दिवसभर चर्चमध्ये काही नसतं. वेदी उघडी, पवित्र भाकरीची पेटी रिकामी आणि तिचं दार उघडं, तिच्याजवळचा अखंड दिवा विझलेला. पर्यटक या दिवशी मांडवला किंवा महेश्वरला जाऊन येतात. त्याऐवजी सकाळी ऊन चढण्याआधी तासभर ख्रिस्ती दफनभूमीत जावं. रखवालदाराला विचारून आत शिरावं, फुलं न्यायची तर साधी न्यावीत. ख्रिस्ती प्रथेत कबर पूर्व-पश्चिम खणतात, पाय पूर्वेकडे. प्रभू पूर्वेकडून येईल आणि उठून उभं राहिल्यावर तोंड त्याच्याकडे असेल, ही त्यामागची समजूत. न्यायाचा दिवस त्या खड्ड्याच्या दिशेतच मांडून ठेवलेला असतो.

इथेच शिकवणीचा अवघड भाग आठवणं सोयीचं. इब्री ९:२७ म्हणतं, माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. एकदाच, म्हणजे पुनर्जन्म नाही. म्हणून तारण आणि मोक्ष हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मोक्ष जन्ममृत्यूच्या फेऱ्यातून सोडवतो. तारण माणसाला देवाशी समेट करून त्याच्याजवळ आणतं, शरीरासकट, कारण पुनरुत्थान शरीराचं आहे.

कॅथलिक शिकवणीत न्याय दोनदा येतो. मरणाच्या क्षणी प्रत्येकाचा वेगळा, आणि जगाच्या शेवटी सर्वांचा एकत्र. दुसऱ्यात पहिल्याचा निकाल फिरवत नाहीत. माणसाच्या करणीचे परिणाम किती लांबवर पोचले ते तिथे सगळ्यांसमोर उघड होतं. जे देवाच्या मैत्रीत मेले पण अजून पुरते शुद्ध नाहीत त्यांच्यासाठी शुद्धिस्थान. ते स्वर्ग आणि नरकाच्या मधलं तिसरं गाव नाही, तिथे असलेला प्रत्येक जण स्वर्गाच्याच वाटेवर असतो. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत, म्हणून त्यांच्या अंत्यविधीत मृतासाठी मिस्सा नसतो.

प्रकटीकरण २०:१२ मध्ये पुस्तकं उघडली जातात. आपल्याला लगेच चित्रगुप्ताची वही आठवते, आणि अर्धं ते बरोबरही आहे: त्या पुस्तकांत कृत्यं लिहिलेली आहेत. पण शेजारी आणखी एक वेगळं पुस्तक उघडतात, जीवनाचं. त्यात कृत्यं नाहीत, नावं आहेत. शेवटचा निकाल नावावर लागतो. पाप एका पारड्यात, पुण्य दुसऱ्या पारड्यात, आणि जड बाजू जिंकणार, हा हिशेब या अध्यायात कुठेही नाही.

रात्रीच्या जागरणाला दीड तास आधी पोचावं. पूर्ण अंधार पडल्याशिवाय ते सुरू होत नाही. आवारात शेकोटी पेटवतात. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती तिथे आणतात आणि धर्मगुरू टोकदार सळईने तिच्यावर आधी उभी रेघ, मग आडवी रेघ कोरतो, की झाला वधस्तंभ. वर ग्रीक मुळाक्षरांतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं ओमेगा, चार कोपऱ्यांत चालू सालाचे चार आकडे. मग मेणाच्या खिळ्यांतून धूपाचे पाच दाणे त्या वधस्तंभात खोचतात: पाच जखमा. इथे हमखास अडतं. भोकं आधी पाडून ठेवलेली नसली तर कडक मेणात खिळा वाकतो. उकाड्याने मेण मऊ पडलेलं असलं तर दाणा गळून पडतो.

आपल्या हातातली छोटी मेणबत्ती पेटवायची एक रीत आहे. पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची. न पेटलेली तिच्याकडे झुकवायची. उलट केलं की वितळलेलं मेण शेजारणीच्या साडीवर. कागदाची चकती वातीपासून चार बोटं खाली असावी, वर सरकली तर ती पेट घेते. अंधारात मिरवणूक तीनदा थांबते, तीनदा ‘ख्रिस्ताची ज्योती’ असा पुकारा होतो, आणि उजेड दारापासून वेदीपर्यंत माणसागणिक वाढत जातो. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर दिवे लावायचे असतात. कुणी घाईने आधीच बटण दाबलं तर सगळा परिणाम जातो.

पुढच्या घोषगीतात आदामाच्या पापाला चक्क ‘धन्य अपराध’ म्हटलं आहे, कारण त्यापायी एवढा मोठा तारक मिळाला. मग जुन्या करारातली सात वाचनं. वेळ कमी असेल तर तीनपर्यंत कमी करता येतात, पण समुद्र दुभंगण्याचं, निर्गम १४, कधीच गाळता येत नाही. एकच पाणी पळणाऱ्या इस्राएल्यांना वाट देतं आणि पाठलाग करणाऱ्या मिसऱ्यांवर मिटतं. तासाभराने याच रात्री बाप्तिस्मे होतात, पाण्यानेच. बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी सैतानाचा त्याग करतोस का असं तीनदा विचारतात, मग तीनदा विश्वास. गुरुवारी गप्प झालेल्या घंटा गौरवगीताला परत वाजतात, आणि चाळीस दिवस न म्हटलेला ‘हालेलुया’ ऐकू येतो.

रविवार

सकाळी गर्दी, नवे कपडे, उकडलेली रंगवलेली अंडी, गळाभेटी. शनिवारची रात्र जागलेल्याने उशिरा उठलं तरी चालेल.

मराठी घरात उतरलेल्या पाहुण्याला दुपारी जेवताना एक प्रश्न येतोच. काका ताटावरून मान वर करून विचारतात, “म्हणजे आयुष्यभर काहीही करा आणि शेवटी माफी मागा, एवढंच का?” प्रश्न खरा आहे, त्याला गुळमुळीत उत्तर देऊ नये. इफिसकरांस २:८-९ सांगतं की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. याकोब २:१७ सांगतं की क्रियांवाचून विश्वास निर्जीव. याच दोन टोकांवरून सोळाव्या शतकात चर्च फुटलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन चर्चांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले. त्याचा आशय काकांना सांगता येतो: देव आपल्याला पत्करतो ते आपल्या लायकीवर नाही, आणि त्याने पत्करलेला माणूस चांगलं काम केल्यावाचून राहत नाही. झाडाला फळ येतं म्हणून ते जिवंत होत नाही. जिवंत असतं म्हणून फळ येतं.

तरीही मत्तय २५ चा शेवट वाचून दाखवावा, नाहीतर उत्तर सोपं होऊन बसतं. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा लोकांना वेगळं करतो. भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट: कसोटी या सहा गोष्टींची. गंमत अशी की उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही एकच प्रश्न विचारतात, “प्रभू, कधी?” चांगलं करणाऱ्यांनाही आपण कुणासाठी करत होतो ते ठाऊक नव्हतं. पुण्य साठवण्यासाठी केलेलं काम या यादीत बसत नाही ते याचमुळे.

आणि भीतीचा प्रश्न असेल तर १ योहान २:१ दाखवावं. तिथे येशूला ‘कैवारी’ म्हटलं आहे, म्हणजे बाजू मांडणारा. न्यायासनावर बसणार तोच. आपला वकील न्यायाधीशही आहे, हे इतर कुठल्याही कोर्टात चालणार नाही. ख्रिस्ती माणसाची सगळी आशा त्यावरच उभी आहे.

सोमवार

सकाळी लवकर उदयनगर. देवास जिल्ह्यातलं गाव, इंदूरहून दीड-दोन तासांची वाट. बस मिळते, पण परतीच्या बसची वेळ उतरताक्षणी विचारून घ्यावी.

सिस्टर राणी मारिया इथे काम करत होत्या. केरळातल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. भूमिहीन आदिवासींना सावकारी कर्जाच्या विळख्यातून सोडवायचं, त्यांना बँकेपर्यंत आणि सरकारी योजनांपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या प्रवासात बसमध्येच त्यांना भोसकण्यात आलं, मग बाहेर ओढून काढून पुन्हा वार झाले. अंगावर ५४ जखमा होत्या, वय ४१. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्यांची कबर उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. आत बाकं आहेत. अर्धा तास बसावं, कोणी उठवत नाही.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघातल्या सिस्टर सेल्मी पॉल, २००२ साली तुरुंगात जाऊन त्याला भेटल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. शिक्षा त्या दिवशी संपली नाही. तो तुरुंगातच राहिला, कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. पुढे तो या कबरीपाशी येत राहिला. शुक्रवारचा दुसरा उद्गार ऐकलेला असेल तर इथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

दुपारनंतर ऊन कलायच्या आत निघावं. उदयनगरहून इंदूरकडे जाणारी बस ज्या रस्त्याने नाचनबोरवरून जाते, त्याच रस्त्याने त्या दिवशी सकाळी सिस्टर इंदूरला निघाल्या होत्या.